टेन्शन आहेच, पण सगळं त्याच्यावर ढकलू नका
आयबीएसवर (म्हणजे आतड्यात उघड बिघाड न दिसता पोट वारंवार दुखणं, सोबत जुलाब किंवा बद्धकोष्ठ) वरती कुणीतरी 'टेन्शन सोडा, पोट आपोआप बरं होईल' असं लिहिलंय, ते निम्मंच पटलं. संबंध आहेच, आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि मेंदूशी त्याचा दोन्हीकडनं निरोप चालू असतो, म्हणून दुखणं खरंच असतं, मनाचे खेळ नव्हेत. माझा भाऊ साताऱ्याहून पुण्याला एसटीनं जायचा तेव्हा खंबाटकीचा बोगदा आला की पोटात मुरडा सुरू, सुट्टीला घरी मात्र काही नाही.

पण डॉक्टरांनी त्याला आधी हे विचारलं, की रात्री झोपेतनं उठून शौचाला जावं लागतं का, शौचातनं रक्त पडतं का, वजन घटलंय का. नुसत्या आयबीएसमध्ये हे सहसा नसतं, यातलं काहीही असलं तर प्लीज तपासण्या करून घ्या, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच त्रास सुरू झाला असेल तर नक्कीच.