लांबच्या सायकलप्रवासात काय काय दुखलं, आणि ते कुणाला सांगितलंत का?

मोगरी :
आज सकाळी पोदेर आला, म्हणजे आमचा गोव्यातला सायकलवरचा पाववाला. पों पों वाजवून फाटकाशी थांबला, उंडे (गोल पाव) दिले आणि परत सायकलवर चढताना सीटवरची गोणपाटाची घडी दोन्ही हातांनी नीट केली. मग एका अंगावर जरा कलून बसला आणि गेला. ते कलून बसणं बघितलं आणि सहा वर्षांपूर्वीचा एक दिवस जसाच्या तसा समोर आला.

माझी पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची सायकलराइड. पणजी ते पोळे आणि परत, मध्ये आडवाटांनी फिरवून २०० भरवलेले. वेळ साडेतेरा तास. तेव्हा मी ४१ ची. तयारी चांगली होती, पाय कुरकुरले नाहीत, दमही लागला नाही. पण करमल घाट उतरताना बसायच्या जागी काचायला लागलं. पॅडेड शॉर्टच्या आत मी नेहमीची निकर घातली होती. आत काही घालायचं नसतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं आणि विचारायचं कुणाला? ग्रुपमध्ये मी एकटी बाई. त्या निकरेची शिवण सगळी वाट एकाच जागी घासत राहिली.

परतीला काणकोणच्या चावडी गावात चहाला थांबलो. सगळे मला खुर्ची देतायत आणि मी म्हणतेय, नको, उभीच बरी. बाळ्ळीपासून मडगावपर्यंत जमेल तेवढं उभ्यानेच पेडल मारलं. वेळेत पोचले. रात्री आंघोळीचं पाणी अंगावर घेतलं आणि ओरडलेच. दोन जागची कातडी गेली होती. तिसऱ्या दिवशी तिथे गळू धरलं. डॉक्टरकडे गेले आठव्या दिवशी. मधले दिवस घरात "कंबर दुखतेय" एवढंच सांगत होते, नवऱ्यालासुद्धा.

आता भाची २३ वर्षांची आहे, फेब्रुवारीत पहिली २०० करायची म्हणतेय. तिच्यावर ही वेळ येऊ नये असं फार वाटतं. म्हणून हा धागा. हात, मान, गुडघे, बूड, पोट, जे दुखलं ते आडपडदा न ठेवता लिहा.

रातांबा :
ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. निकर नाही म्हणजे नाहीच, पॅड थेट अंगाला. निघायच्या आधी जांघेत आणि पॅडला खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली, आणि १०० नंतर परत एकदा. घरी आल्या आल्या आधी शॉर्ट काढायची, चहा मागाहून. आपल्याकडची हवा अशी की घाम वाळत नाही. ओल्या शॉर्टमध्ये अर्धा तास गप्पा मारल्या की दुसऱ्या दिवशी पुळ्या ठरलेल्या. आणि शॉर्ट दर वेळी धुवायची. "एकदाच तर घातली" म्हणून वाळत टाकायची नाही.

डिचोलीकर :
हात. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट.

३०० करून आलो, दुसऱ्या दिवशी शर्टाचं बटण लावता येईना. वाटलं झोपेत हात अंगाखाली आला असेल. तिसऱ्या दिवशी किल्ली फिरवता येईना तेव्हा घाबरलो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तळहाताची करंगळीकडची कड दाबून दाखवली. तिथून एक नस जाते, ती हँडलवर तासन् तास चेपली गेली होती. पूर्ण बरं व्हायला सात आठवडे लागले.

त्यांनी सांगितलं की दोष हातांचा नाही, बसण्याचा आहे. माझ्या सीटचं टोक खाली झुकलेलं होतं, त्यामुळे सगळं अंग पुढे घसरायचं आणि भार हातांवर यायचा. सीट सपाट केली, हँडल थोडं वर आणि जवळ घेतलं. कोपर ताठ धरायचं नाही. दर दहा मिनिटांनी पकड बदलायची. आता घड्याळ बघावं लागत नाही, हातच बदलतात.

समुद्रफेणी :
वाचतेय. कुकर लावून येते, माझ्याकडे मोठी गोष्ट आहे.

वाळपईचा पाऊस :
चोर्ला घाट. दर रविवारी. गुडघ्याच्या वाटीच्या पुढे दुखायचं आणि मी चढाला दोष देत होतो. सीट खाली होती एवढंच. पुढून दुखलं तर बहुतेक सीट खाली असते, मागून लवणीत दुखलं तर वर. मोजायची सोपी रीत: सीटवर बसून पेडल अगदी खाली न्यायचं आणि त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ झाला पाहिजे. मग पेडल मारताना चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप येतो. आणि जड गिअर नको. हलका लावा आणि पाय भरभर फिरवा, मिनिटाला ८० च्या आसपास. चढावर तेवढे नाही जमणार, तरी जड गिअर रेटू नका. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

घुमट :
@वाळपईचा पाऊस, चोर्ल्याला सध्या रस्ता कसा आहे? खड्डे बुजवले का?

वाळपईचा पाऊस :
वरच्या वळणांवर खडी आहे. उतरताना जपून रे.

समुद्रफेणी :
आले. ताई, तुम्ही बसायच्या जागेचं लिहिलंत, मी पाण्याचं लिहिते. पाणी न पिण्याचं.

वाटेत बाईने जायचं कुठे? पुरुष गाडी झाडाला टेकवतात की झालं. मी काय करायची, पहाटे चारला उठून पाणीच प्यायची नाही. वाटेत घोट घोट. मोले ओलांडून अनमोड घाट चढायचा, एप्रिलचं ऊन, आणि बाटली भरलेलीच. घाटात डोकं ठणकायला लागलं, जीभ टाळूला चिकटलेली. घरी आल्यावर उन्हाळी लागली. लघवीला बसले की डोळ्यांत पाणी. दोन दिवस धणे-जिऱ्याचं पाणी पीत बसले, तिसऱ्या दिवशी ताप भरला. तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. डॉक्टर म्हणाल्या, शरीराला पाणी तोडून हे ओढवून घेतलंत.

तेव्हापासून राइडचा नकाशा करताना मी आधी थांबे ठरवते. पेट्रोल पंप, बसस्टँड, ओळखीच्यांची घरं. केप्याला एक मावशी आहेत, त्यांच्या घरी मी आता जवळजवळ हक्काने जाते. त्या लिंबाचं सरबत करून वाट बघतात. भाचीला सांगा, ग्रुपच्या म्होरक्याला आधीच विचारायचं की थांबे कुठे आहेत आणि तिथे संडास आहे का. लाजायचं नाही. मी विचारायला लागल्यापासून आमच्या ग्रुपमध्ये दर ३० किलोमीटरला थांबा असतो, आणि आता पुरुषांनाही तो लागतो!

अबोलीचा गजरा :
समुद्रफेणी, अगदी अगदी. आणि पाळी. तेही लिहूनच टाकते. सॅनिटरी पॅड घालून ६० किलोमीटर गेले, कडा इतक्या काचल्या की परत टेम्पोतून आले. आता त्या दिवसांत पाळीचा कप वापरते, खूप फरक आहे. पण पहिल्यांदा राइडच्या दिवशी वापरू नका, आधी दोन-तीन महिने घरी सवय करा.

घुमट :
माझं समुद्रफेणीताईंच्या बरोब्बर उलट. मी जास्त प्यायलो.

मे महिना. सांगे, केपे, मडगाव करून पणजी. सगळ्यांनी बजावलेलं, पाणी पी, पाणी पी. मी साधं पाणी ढोसत सुटलो. खाणं जवळजवळ नाही, मीठ अजिबात नाही. दुपारनंतर बोटं सुजली, अंगठी रुतली. डोकं दुखायला लागलं तर मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून अजून प्यायलो. कुठ्ठाळीला ओकारी आली आणि मित्राने मला दोनदा "ऐक रे, ऐक" म्हटल्यावरही मला कळेना कोण बोलतंय. त्याने गाडीत घातलं. रक्तातलं सोडियम कमी झालं होतं. घामातून मीठ गेलं आणि मी भरत होतो नुसतं पाणी.

आता एका बाटलीत साधं पाणी, दुसऱ्या बाटलीत १ लिटरला ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा छोटा, चहाचा. मीठ जास्त घालू नका. आणि तहान लागेल तसं प्यायचं. आईचा हट्ट म्हणून सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि मिठातलं तोर (कोवळी कैरी) खाऊनच निघतो. त्या पेजेवर ५० किलोमीटर आरामात निघतात.

रातांबा :
मिठातलं तोर!! तोंडाला पाणी सुटलं. यंदा आमच्याकडे घातलीच नाहीत. कुणाकडे जास्तीची आहेत का?

अबोलीचा गजरा :
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतील. लवकर जा.

सुरंगी :
सायकलिंग वगैरे मला येत नाही, पण पोदेराचं वाचून लिहावंसं वाटलं. माझे बाबा सत्तरी तालुक्यात पोस्टमन. ३१ वर्षं काळी सायकल, चामड्याची स्प्रिंगवाली सीट. त्या सीटवर दोन खळगे पडले होते, अगदी त्यांच्या बसण्याचे. काकांनी एकदा न विचारता सायकल नेली तर बाबा, कधी आवाज न चढवणारे, चिडले होते. म्हणाले, सीट बिघडेल. आम्हाला तेव्हा हसू आलं होतं. ते गेल्यावर मी एकदा अंगणातल्या अंगणात त्या सायकलवर बसले. दोन्ही हाडं खळग्यांच्या कडेवर आली. टोचलं. माझी जागा नव्हती ती.

पावसात घरी आले की आई गरम पाण्याचा हंडा तयार ठेवायची आणि बाबा सरळ न्हाणीत जायचे. कुणाशी बोलायचे नाहीत. काय दुखत होतं ते आम्ही कधी विचारलं नाही.

मोगरी :
सुरंगी, गो बाय, काय लिहिलंस. दोनदा वाचलं. ती सायकल जप.

माटोळी :
सुरंगीताईंनी जे सांगितलं तेच सगळ्या सीटचं खरं आहे. आपण बसतो ते दोन हाडांवर. प्रत्येकाचं अंतर वेगळं, बायकांचं बहुधा जास्त. सीट त्या अंतराची हवी.

घरी मोजता येतं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा पायरीवर ठेवायचा, पातळ कपड्यात त्यावर बसायचं, थोडं पुढे वाकायचं, टाचा उचलायच्या. उठल्यावर दोन खळगे दिसतात. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. माझं १३ सेंटीमीटर आलं. सीट त्याहून दोनेक सेंटीमीटर रुंद घ्यायची. माझी जुनी त्याहून बरीच अरुंद होती, म्हणजे मी चार वर्षं हाडांवर बसलेच नव्हते, मधल्या नाजूक भागावर बसले होते.

आणि मऊ जेलचं कव्हर घेऊ नका. हाताने दाबून छान वाटतं, पण तासाभराने हाडं त्यात रुततात आणि मधला भाग वर येऊन चेपतो.

समुद्रफेणी :
माटोळी, जेल कव्हर मी कालच मागवलंय :( परत करते.

उत्तरेची वाट :
रात्रीचे साडेअकरा. घरचे झोपलेत म्हणून लिहितोय. बायकांनी इतकं मोकळं लिहिलं, मग पुरुषाने का नाही?

४०० नंतर पुढची जागा बधिर झाली होती. दोन दिवस संवेदनाच नाही. दोन रात्री झोपलो नाही. लग्नाला वर्ष झालेलं. बायकोला सांगू शकलो नाही, मित्रांना तर नाहीच, शेवटी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं की सीटच्या टोकाने तिथली नस आणि रक्तवाहिन्या दबतात. त्या वेळी आपणहून बरं झालं. पण असं वारंवार होऊ द्यायचं नाही, बधिरपणा आला की तिथेच थांबायचं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आता मधे खाच असलेली सीट आहे, टोक अगदी किंचित खाली (डिचोलीकर, फार नाही, तुमचं वाचलं) आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून पेडल. तेव्हापासून एकदाही नाही.

नंतर ग्रुपमध्ये दोघांना खाजगीत सांगितलं तर दोघांनाही झालेलं होतं. दोघेही गप्प होते.

डिचोलीकर :
दादा, तिसरा मी. तेव्हा हाताचं तेवढं लिहिलं, हे राहिलं होतं.

रातांबा :
मानेबद्दल कुणीच लिहिलं नाही. ६०० ला ४० तास मिळतात. दुसऱ्या रात्री पत्रादेवीच्या अलीकडे माझी मान इतकी आखडली की डोकं वर धरायला हनुवटीखाली मूठ लावली. एका हाताने सायकल चालवणं धोक्याचं, म्हणून उतरलो आणि वीस मिनिटं बसस्टॉपवर आडवा झालो. हे मोठमोठ्यांनाही होतं. १९८३ च्या अमेरिका ओलांडणाऱ्या शर्यतीत मायकल शर्मर यांची मान पूर्ण गेली, डोकं वर राहीना. त्या दुखण्याला तिकडे त्यांचंच नाव पडलं. मी आता हेल्मेट हलकं घेतलंय, हेल्मेटवरचा दिवा काढून हँडलला लावलाय, आणि रोज संध्याकाळी मानेचे व्यायाम करतो.

घुमट :
त्या बसस्टॉपवर मीही झोपलोय! डास किती रे.

अबोलीचा गजरा :
@मोगरी, भाचीला नवी सीट घेतलीत तर आधी दिवाडी बेटावर नेऊन बघा. रायबंदरहून फेरीत सायकल घालायची, पलीकडे शेतातून सपाट रस्ता आहे, रहदारी कमी. दर १० किलोमीटरला थांबून सीट एक-दोन सूत वर-खाली करता येते. षटकोनी किल्ली खिशात ठेवा. ब्रेव्हेच्या आदल्या आठवड्यात मात्र काही बदलायचं नाही.

मोगरी :
सगळ्यांना देव बरें करूं. काल रात्री भाचीला हा धागा पहिल्यापासून वाचून दाखवला. उत्तरेची वाट यांचं वाचून झालं तशी ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, मावशी, मला पण काचतंय, दोन महिने झाले, ५० च्या पुढे गेलं की. मी विचारलं, कुणाला बोललीस? नाही म्हणाली.

आज पुठ्ठ्यावर बसवलं तिला. साडेबारा सेंटीमीटर. रविवारी पहाटेच्या फेरीने दिवाडीला जातोय, दोघी.

सुरंगी :
मी आले तर चालेल? बाबांची सायकल टेम्पोतून आणीन. सीट बदलणार नाही, पण वर-खाली करता येईल का बघायचंय.

मोगरी :
ये गो. पाना मोठा लागेल, तो मी आणते. रायबंदरच्या धक्क्यावर सव्वासहा.