मदत हवी आहे: मस्कीला जर्कबेट टाकायचा रॉड कोणता? (शुक्रवारपर्यंत)

तळ्यात_मळ्यात
मंडळी, मस्कीसाठी (इथल्या तळ्यांतला दांडगा शिकारी मासा) जर्कबेट, म्हणजे झटके देऊन खेळवायचा मोठा ल्युअर (नकली मासा), टाकायला रॉड घ्यायचाय. दुकानात एकाने ८ फूट ६ इंच हेवी हातात दिला. शेजारचा म्हणाला, छे, जर्कबेटला आखूडच लागतो, ७ फूट एक्स्ट्रा हेवी घे. व्हिडिओ बघावेत तर जो तो ९ फुटी घेऊन उभा. सध्या बासचा रॉड वापरतोय. झटका दिला की रॉडच वाकतो, ल्युअर जागचा हलत नाही. बजेट २०० डॉलर. शनिवारी पहाटे तळ्यावर जायचंय, म्हणजे शुक्रवारपर्यंत घ्यायलाच हवा.

'आधी गाईड कर' वगैरे नको. लांबी आणि पॉवर (रॉड किती दणकट, हेवी की एक्स्ट्रा हेवी), एवढंच सांगा.

वाटसरू_विस्कॉन्सिन
एवढंच कसं सांगणार? कोणतं तळं? ल्युअर कोणते आणि किती औंसांचे? रील कोणतं? तुमची उंची किती?

तळ्यात_मळ्यात
मिनेटोंका, कधी व्हाइट बेअर. ल्युअर जर्कबेट, वर लिहिलंय. रील आहे माझ्याकडे. उंचीचा काय संबंध? रॉड घ्यायचाय, स्थळ बघायला नाही आलो.

सागरी_खारे
मी न्यू जर्सीत स्ट्रायपर (समुद्री मासा) पकडतो, मूळचा अलिबागचा. लहानपणी खडपावरून जिताडा गरवलाय, त्यामुळे थोडंफार कळतं. सरळ १० फुटी सर्फ रॉड घ्या आणि ८००० साइझचं स्पिनिंग रील. चार औंस सहज जातात, गुंता होत नाही. ही बेटकास्टरची (आडव्या रीलची) नाटकं गोड्या पाण्यातल्या लोकांची आहेत.

वाटसरू_विस्कॉन्सिन
खारेसाहेब, सर्फ रॉड एकदा फेकून सरळ ओढायला ठीक आहे. जर्कबेट दिवसभर, दर दोन सेकंदांनी झटकावा लागतो. १० फुटांच्या टोकाला लाकडाचा ठोकळा बांधून हे दुपारपर्यंत करा आणि मग मनगटाला विचारा.

तळ्यात_मळ्यात, उंचीचा संबंध सांगतो. सुईकसारखा ल्युअर पाण्यावर तरंगतो. रॉड खाली झटकला की तो बुडतो आणि ढील दिली की वर येतो. वर येताना मस्की झडप घालते. झटका खाली द्यायचा म्हणजे तुमचा हात आणि पाणी यांच्यामध्ये रॉडच्या टोकाला जागा हवी. उंच माणूस बोटीच्या पुढच्या डेकवर उभा असेल तर हात पाण्यापासून पाचेक फूट वर असतो. त्याला ८ फुटी चालतो. ठेंगणा माणूस, बोट बुटकी, आणि हातात ८ फूट ६ इंच, तर दर झटक्याला टोक पाण्यात चाबकासारखं आपटणार. जुने लोक साडेसहा-सात फुटी ताठ रॉड वापरायचे ते याच कारणासाठी.

म्हणून विचारलं. रील कोणतं तेही सांगा.

लांबच_बरा
वाटसरू अजून मागच्या शतकात राहतात असं दिसतंय. आता कोण वापरतं सात फुटी? लांब रॉडने फेक लांब जाते, गळ बसवताना जास्त लाइन ओढली जाते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोटीशेजारचा आठचा आकडा. मस्की ल्युअरच्या मागे बोटीपर्यंत येते. तेव्हा रॉडचं टोक पाण्यात घालून मोठा आठ काढायचा असतो. सात फुटीने निघतो तो आठ नाही, शून्य. चार फुटी मासळी त्यात वळणार कशी? ८'६" घ्या आणि विषय संपवा.

झटका खालीच द्यायचा असं कोणी सांगितलं? आडवा द्या.

वाटसरू_विस्कॉन्सिन
आडवा द्या ना. पण लांब रॉड म्हणजे लांब तरफ, आणि ल्युअरचं ओझं तुमच्या मनगटावर येतं. बुलडॉगसारखं रबरी धूड लांब ओढीने चालवायचं असेल तर ९ फूट घ्या, माझी ना नाही. सुईक आणि ग्लायडरला (डावी-उजवीकडे सरकणारा जर्कबेट) छोटे, तुटक झटके लागतात. दोन्ही कामं एका रॉडने करायची म्हणणारे दोन्ही अर्धवट करतात.

पवनाकाठी
मी पुण्यात मरळीसाठी बेडूक-ल्युअर वापरतो. ७ फूट मीडियम हेवी, ५० पौंडी ब्रेड (विणलेली लाइन). मासा जलपर्णीच्या गाद्यांतून उपसून काढतो. तुमच्या मस्कीलाही चालेल असं वाटतं.

अवांतर: महाशीर कोणी केलाय का? लोणावळ्याला वलवणमध्ये टाटा पॉवरवाल्यांचं महाशीरचं बीज केंद्र आहे, तिथली पिल्लं धरणांत सोडतात.

सडाफटिंग
मस्की खायला कशी लागते? तुकड्या करून तळता येते का?

तळ्यात_मळ्यात
कोण खातंय? मिनेसोटात ५४ इंचांखालची ठेवताच येत नाही, आणि त्यावरची सापडली तरी मी सोडणार. विषयावर या प्लीज.

उंची ५ फूट ४. रील बासचं आहे, १५० साइझचं, ३० पौंडी ब्रेड. ल्युअर: ९ इंची सुईक, एक लाकडी ग्लायडर, रीफ हॉग, आणि मित्राने दिलेला मोठा बुलडॉग. औंस माहीत नाहीत.

निळाई
स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. २८ ग्रॅमचा एक औंस. मी तसंच केलं होतं. नवऱ्याला वाटलं केकची तयारी चाललीय.

वाटसरू_विस्कॉन्सिन
१५० साइझ, ३० पौंड?! अहो, रॉड राहू द्या, आधी हे बदला. मस्कीला ८० पौंडी ब्रेड लावतात ते मासा लाइन तोडेल म्हणून नाही. चार औंसांचा ल्युअर जोरात फेकला आणि रीलमध्ये मध्येच गुंता झाला की बारीक ब्रेड तटकन तुटते आणि वीस-तीस डॉलरचा सुईक लाइन सोडून एकटाच पुढे जातो. बारीक ब्रेड ताणाखाली स्पूलवर स्वतःच्याच वेढ्यांत रुतते, हा आणखी एक ताप. ८० पौंडी जाडीला जेमतेम १८ पौंडी मोनोएवढी (साधी एकपदरी नायलॉन लाइन) असते, रुतत नाही. रील ३०० किंवा ४०० साइझचं हवं. स्पूलवर आधी थोडा मोनो गुंडाळा, नाहीतर सगळी ब्रेड एकदम फिरते.

सागरी_खारे
मी म्हटलं होतं, स्पिनिंग घ्या, गुंत्याची भानगडच नाही.

लांबच_बरा
खारे, तुमच्या स्पिनिंगवर पाऊण तास सुईक झटकून दाखवा, मग बोलू.

तळ्यात_मळ्यात
वजन केलं. सुईक आणि रीफ हॉग दोन्ही शंभर ग्रॅमच्या आसपास. बुलडॉग साडेचारशे!

रील, ब्रेड, सगळंच बदलायचं तर २०० डॉलरमध्ये काय येणार? मी फक्त रॉडबद्दल विचारलं होतं.

निळाई
साडेचारशे म्हणजे तो पाउंडर. एक पौंडाचा. त्याला एक्स्ट्रा हेवीच्याही वरचा रॉड लागतो. तो कपाटात राहू द्या, त्याच्यासाठी रॉड निवडू नका. उरलेले दोन साधारण साडेतीन औंस.

रॉडच्या दांड्यावर औंसांचा पट्टा छापलेला असतो. हेवीवर साधारण २ ते ८ किंवा ३ ते ८, कंपनीप्रमाणे थोडा इकडेतिकडे. तुमचे ल्युअर पट्ट्याच्या वरच्या टोकाला नकोत, मधल्या भागात हवेत. म्हणजे हेवी, फास्ट (टोकाकडेच वाकणारी) अॅक्शन. एक्स्ट्रा हेवीने साडेतीन औंस फेकताना रॉड वाकतच नाही, सगळा जोर तुमच्या खांद्याचा.

ढोबळी_मिरची
मस्की विस्कॉन्सिनचा राज्यमासा आहे, १९५५ पासून. हेवर्डला तिचा १४३ फूट लांबीचा फायबरग्लासचा पुतळा आहे, जबड्यात उभं राहून फोटो काढता येतो. मुलांना घेऊन जरूर जा. जवळपास जेवायला मात्र काही शाकाहारी मिळालं नाही आम्हाला.

लांबच_बरा
निळाईशी पॉवरबद्दल सहमत. लांबीला मात्र ८ फुटांखाली जाऊ नका. ५ फूट ४ असलात तरी बोटीच्या पुढच्या डेकवर उभे राहिलात की प्रश्न मिटला. बोट कोणती आहे?

तळ्यात_मळ्यात
बोट नाही. कयाक. बसून टाकतो.

वाटसरू_विस्कॉन्सिन
अहो!!! हे पहिल्या ओळीत सांगायचं!

लांबच_बरा
कयाक???

तळ्यात_मळ्यात
त्याने काय फरक पडतो? पाणी तेच, मासा तोच.

पॉपकॉर्नवाला
धागा वाचनखुणेत ठेवला.

वाटसरू_विस्कॉन्सिन
फरक असा. बसलेल्या माणसाचा हात पाण्यापासून फूट-दीड फुटावर. खाली झटका द्यायला जागाच नाही. आता सगळे झटके आडवे, टोक पाण्यालगत ठेवून. म्हणजे लांबीबद्दल लिहिलेलं माझं पुराण तुमच्यासाठी बाद. सहा-साडेसहा फुटी घ्या, हलका पडेल.

निळाई
नको! इथे वाटसरूंशी असहमत. मी चार वर्षं कयाकवरूनच मस्की करते. मासा लागला की तो कयाकच्या नाकाखालून पलीकडे जातो, हमखास. तुम्ही बसलेले मध्ये, नाक तुमच्यापासून पाच-सहा फूट पुढे. रॉड नाकाला वळसा घालून पलीकडे नेता आला नाही तर लाइन कयाकच्या पोटाला घासते किंवा तुम्हीच उलटता. ७ फूट म्हणजे अगदी किमान. माझा ७'६" आहे आणि मला तो पुरतो.

दुसरं, मागची मूठ बघा. मस्की रॉडना कोपराच्याही मागे जाणारी लांब मूठ असते. उभं राहून दोन हातांनी फेकायला ती छान, पण बसल्यावर लाइफ जॅकेटमध्ये अडकते आणि आडवा झटका अर्ध्यातच थांबतो. दुकानात खुर्चीवर बसा, जॅकेट घाला आणि रॉड डावी-उजवीकडे झटकून बघा. लोक बघतील, बघू देत.

आठचा आकडा कयाकवरून नीट निघत नाही. बाजूला लांबट अंडाकृती काढा, वळणावर टोक थोडं खोल न्या. तेवढ्यावरही मासे आलेत.

लांबच_बरा
मग तरी ८ फूट का नको? नाकाला वळसा आणखी सहज जाईल.

निळाई
जाईल. पण मासा शेजारी आल्यावर जाळ्यात कोण घेणार? एका हातात रॉड, एका हातात जाळं, आणि ८ फुटी रॉडचं टोक डोक्यामागे. बोटीत जोडीदार असतो तेव्हा चालतं ते.

तळ्यात_मळ्यात
शेवटी कामाचं काहीतरी. म्हणजे ७'६", हेवी, फास्ट, आखूड मूठ. २०० मध्ये?

वाटसरू_विस्कॉन्सिन
बसल्याजागी वळसा घालायचा मुद्दा पटला. ७'६".

सेंट क्रोईची मोजो मस्की, शिमानोची कॉम्प्रे मस्की, ओकुमाचेही आहेत. दोनशेच्या आतबाहेर मिळतील. कंपनीवर भांडू नका, औंसांचा पट्टा आणि मूठ बघून घ्या. शनिवारपुरतं रील तेच ठेवायचं तर निदान ब्रेड बदला. १५० वर ८० पौंडी फार मावणार नाही, ६५ लावा, आणि फेक जपून. पुढच्या पगाराला रील.

लीडर, म्हणजे ल्युअरपुढचा वायरचा तुकडा, विसरू नका. दात आहेत तिला. रीफ हॉगला एकसंध ताठ वायरचा लीडर लावा. मऊ लीडर ढील मिळाली की पुढच्या गळात अडकतो आणि ग्लायडर पाठीवर पडतो. सुईकची शेपटी पत्र्याची असते, खाली वाकवली की खोल जातो. आधी अगदी थोडी वाकवा.

सागरी_खारे
१० फुटी सर्फ रॉड नाकाला दोनदा वळसा घालेल.

पवनाकाठी
महाशीरबद्दल कोणीच बोललं नाही.

निळाई
न विचारलेलं सांगते, राग मानू नका. मिनेटोंका १४ हजार एकरांचं आहे आणि शनिवारी तिथे लाटा उठवणाऱ्या वेकबोटींची जत्रा असते. पहाटे ठीक, नऊच्या आत बाहेर पडा. नाहीतर बाल्ड ईगल तळ्यावर जा. आणि हूक कापायचा बोल्ट कटर, लांब पक्कड, मोठं रबरी जाळं, हे तिन्ही नसेल तर सुईक टाकूच नका. तीन ट्रेबल (तिहेरी गळ), फडफडणारी चाळीस इंची मस्की आणि तुमची मांडी, सगळं एका हाताच्या अंतरात. गळांचे उलटे काटे पकडीने दाबून टाका. पाणी ८० फॅरनहाइटच्या वर गेलं असेल तर मस्की सोडून द्या त्या दिवशी, सोडलेला मासा जगेल याचा भरवसा नाही.

तळ्यात_मळ्यात
जाळं नाही. पक्कड आहे, स्वयंपाकघरातली.

निळाई
स्वयंपाकघरातली?! रॉड पुढच्या आठवड्यात घ्या. शुक्रवारी जाळं आणि बोल्ट कटर आणा.

तळ्यात_मळ्यात
पण मी रॉडबद्दल विचारलं होतं.

सडाफटिंग
५४ इंचांवरची ठेवली तर किती किलो भरेल साधारण?