नस दबली, पण कोणती?

प्रश्न : आईची मान दोन महिने दुखतेय, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले, 'मानेतली नस दबलीय.' आईला वाटलं, रक्त अडलं. रक्त काढताना जी सापडत नाही तीही आमच्याकडे नसच! रिपोर्टमध्ये 'सी-७ रूट' आहे. याला मराठीत काय म्हणायचं?

प्रतिसाद : रक्ताची ती शीर. मेंदूचे निरोप स्नायूंपर्यंत नेणारी ती चेता. जुन्या पुस्तकांत मज्जातंतू. रूट म्हणजे चेतामूळ, आणि सी-७ म्हणजे मानेतलं सातवं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि यातला 'मूळ' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. हाताची ताकद तपासताना आम्ही तेच तर शोधतो : मूळ दबलंय की पुढची फांदी? मुळं मानेतून निघतात, खांद्यापाशी एकमेकांत गुंततात आणि मग हाताच्या चेता फुटतात. त्यामुळे एका मुळाचे धागे अनेक चेतांमध्ये जातात. सातवं मूळ दबलं की कोपर सरळ करण्याचा जोर कमी होतो, मनगट तळव्याकडे वाकवण्याचाही होऊ शकतो. ही कामं दोन वेगळ्या चेतांची. दोन्ही एकदम ढिली पडली, तर दोष मुळाशी. उलट दंडाचं हाड मध्यावर मोडून तिथली चेता दुखावली, तर मनगट लोंबतं, कोपर मात्र सहसा नीट सरळ होतं. दोन्हीला 'नस' म्हटलं की हा फरक बोलताच येत नाही.

प्रतिसाद : 'वीकनेस'चंही तसंच. पेशंट 'वीकनेस आलाय' म्हणतो तेव्हा त्याला थकवा सांगायचा असतो. म्हणून मी 'जोर' विचारते. जोराला आम्ही 5 पैकी गुण देतो. '5 पैकी 3' म्हणजे हात स्वतःचा भार पेलून उचलला जातो, पण वरून जरा दाबलं की खाली येतो.

प्रतिसाद : 'स्नायू'सुद्धा गंमतीचा शब्द. संस्कृतात कंडरा (मांस हाडाला जोडणारी दोरी), मराठीत मांसपेशी, बंगालीत थेट चेता. दंडातल्या पुढच्या स्नायूला आपल्याकडे 'बेटकुळी' आहे, मागच्याला काहीच नाही.

प्रश्नकर्ती : सातवं मूळ म्हणजे सातव्या मणक्याखालचं ना?

प्रतिसाद : नाही ताई, वरचं. सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधून निघतं ते. मानेत मणके 7 आणि मुळं 8. आठवं सातव्या मणक्याखालून येतं. आईच्या हातातून भांडी निसटायला लागली किंवा चालताना तोल जायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा.