स्क्रीन रीडर असताना अंध मुलांना ब्रेल कशाला?

अक्षरस्पर्श (धागाकर्ती)

गेली १४ वर्षं मी अंध आणि अल्पदृष्टी मुलांना शिकवते. हल्ली प्रत्येक पालकसभेत कुणीतरी विचारतंच, "मोबाइलमधला स्क्रीन रीडर पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवतो, मग ब्रेलमध्ये दोन-दोन वर्षं का घालवायची?" विचारणाऱ्याला मुलाची काळजी असते, म्हणून मला राग येत नाही. पण माझं मत पक्कं आहे : ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. ज्या मुलाला फक्त ऐकायला शिकवलं, त्याला आपण निरक्षर ठेवलं.

माझ्याकडे एक ११ वर्षांची जन्मांध मुलगी आली. पाठांतर अफाट, उच्चार स्वच्छ, गोष्ट सांगायला लागली की वर्ग गप्प बसून ऐकायचा. पहिल्यांदा टाइप करायला दिलं तेव्हा तिने 'मलामाहीतनाही' असं सलग लिहिलं. तिची काही चूक नव्हती. आपण बोलताना शब्दांच्या मध्ये थांबत नाही, तर शब्द कुठे संपतो हे तिला कळणार कुठून? 'दिन' आणि 'दीन' वेगळे आहेत, हे तर तिच्या गावीही नव्हतं. ब्रेलमध्ये प्रत्येक अक्षर सहा उठावदार ठिपक्यांच्या एका घरात बसतं : ऱ्हस्व इकाराला दुसरा-चौथा ठिपका, दीर्घ ईकाराला तिसरा-पाचवा. बोट फिरलं की फरक हाताला लागतो.

ही लिपी बोटाच्या मापाने घडवलेली आहे. ठिपक्यांमधलं अंतर सुमारे अडीच मिलिमीटर. दोन टोकं वेगवेगळी ओळखायला बोटाच्या पेराला साधारण तेवढंच अंतर लागतं. पाठीवर त्यासाठी काही सेंटिमीटर लागतात. ब्रेलच्या आधी बार्बिए या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याची १२ ठिपक्यांची पद्धत होती, पण तिचं एक घर बोटाखाली मावायचं नाही, वर-खाली चाचपावं लागायचं. १८२४ मध्ये १५ वर्षांच्या लुई ब्रेलने ते घर ६ ठिपक्यांवर आणलं आणि अख्खं अक्षर एका स्पर्शात कळायला लागलं. हे त्यालाच सुचलं, कारण तो स्वतः बोटांनी वाचणारा होता.

उशिराचा_अंध

सहमत नाही, आणि का ते अनुभवावरून सांगतो.

माझी दृष्टी ४१व्या वर्षी मधुमेहाने गेली. मधुमेह नुसता डोळ्याचा पडदा खराब करून थांबत नाही, नसाही खातो. माझ्या बोटांची टोकं बधिर आहेत. पुनर्वसनाच्या वर्गात आठ महिने मला ब्रेलच्या ठिपक्यांवर बसवून ठेवलं. शिक्षिका म्हणायच्या, "सराव कमी पडतोय." सराव कमी नव्हता हो, बोटंच काही सांगत नव्हती! रोज घरी येऊन वाटायचं, मी मंद आहे. शेवटी एका मित्राने स्क्रीन रीडर शिकवला आणि तीन महिन्यांत कामावर परतलो. आज मी ज्या वेगाने ऐकतो, तो शेजारी बसलेल्या डोळस माणसाला नुसता गोंगाट वाटतो. ब्रेल सराईतपणे वाचणारेसुद्धा मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्दांच्या आसपास असतात.

तुम्ही म्हणता, लिपी बोटाच्या मापाची आहे. कुणाच्या बोटाच्या? सेरेब्रल पाल्सीमुळे ज्याचा हात आखडतो, त्याच्या? आणि 'निरक्षर' हा शब्द मला लागला. मी रोज अहवाल लिहितो.

अक्षरस्पर्श

@उशिराचा_अंध, तो शब्द तुमच्यासाठी नव्हता, पण तुम्हाला लागला ही चूक माझीच. क्षमस्व. तुमच्या बोटांची संवेदना आधी तपासायला हवी होती. ती न तपासता सराव करून घेणं हा अन्याय होता.

पण तुम्ही ४१ वर्षं डोळ्यांनी वाचत होतात. शब्द कसा दिसतो, परिच्छेद कुठे तुटतो, अवतरणचिन्ह कुठे येतं, हे सगळं तुमच्या डोक्यात आधीच आहे. तुमचा अहवाल त्या शिदोरीवर उभा आहे. जन्मांध मुलाकडे ती नसते, आणि मी बोलतेय त्याच्याबद्दल.

मेंदूचंही पाहा. जन्मतः किंवा अगदी लहानपणी अंध झालेली माणसं ब्रेल वाचतात तेव्हा मेंदूचा मागचा, एरवी दृष्टीचा मानला जाणारा भाग कामाला लागतो, हे १९९६च्या एका संशोधनात मेंदूच्या प्रतिमांवरून दिसलं. २०००मध्ये एका जन्मांध स्त्रीची हकीकत प्रसिद्ध झाली. ती ब्रेल उत्तम वाचायची. पक्षाघाताने नेमका तो मागचा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला, आणि बोटांचा स्पर्श शाबूत असूनही तिला ब्रेल वाचता येईना. म्हणजे ज्या भागाने कधी काही पाहिलंच नव्हतं, त्यात वाचन रुजलेलं होतं. हे सगळं सोडून द्यायचं?

ध्वनिलहर

अर्धंच सांगताय. जन्मांधांच्या मेंदूचा तोच भाग ऐकलेल्या भाषेलाही प्रतिसाद देतो, हेही संशोधनात दिसलेलं आहे. मेंदूला आत येणारी भाषा हवी असते. ती बोटांतून येते की कानांतून, यावर तो अडून बसत नाही. तेव्हा मेंदूच्या दाखल्यावर ब्रेलची बाजू जिंकता येणार नाही.

'एक इंद्रिय गेलं की दुसरं आपोआप तीक्ष्ण होतं' हा समजही पालकांमध्ये फार आहे. आपोआप काही होत नाही. कान तेच असतात, सरावाने लक्ष देण्याची पद्धत बदलते. मग हा सराव कशाचा द्यायचा, हे मुलाचा कल पाहून ठरवा ना.

शून्यलब्धी

मी अंध आहे, गणितात पदवी घेतली आहे. एकच उदाहरण देतो. "अ अधिक ब भागिले क." ऐकलंत? आता सांगा, भागाकार फक्त ब ला आहे की पूर्ण बेरजेला? प्रत्येक कंस उच्चारून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, पण चार ओळींचं समीकरण तसं ऐकताना शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते. आवाज कानातून जातो आणि संपतो. कागदावरचा ठिपका तिथेच असतो; डावा हात वरच्या ओळीवर ठेवून उजव्याने खालची तपासता येते. मी असाच शिकलो. अब्राहम नेमेथ हे अंध गणितज्ञ होते, त्यांनी गणितासाठी खास ब्रेल चिन्हं रचली, ती १९५२ पासून वापरात आहेत. ऐकून भागलं असतं तर त्यांनी हा खटाटोप केला नसता.

मंदचाल

+१ शून्यलब्धी. बहिरंध मुलांना तर दुसरी वाटच नाही, त्यांचं सगळं जग स्पर्शातून येतं. ब्रेल शिकवणारेच उरले नाहीत तर त्यांनी कुणाकडे जायचं?

उशिराचा_अंध

गणिताचा मुद्दा मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण एक गोष्ट अजून खटकते. ब्रेलच्या हयातीत त्याच्याच शाळेत काही वर्षं या लिपीला बंदी होती. डोळस संचालकांना वाटायचं, मुलांनी डोळसांसारखीच उठावदार अक्षरं चाचपावीत. मुलं चोरून ठिपके शिकत राहिली. फ्रान्सने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली १८५४मध्ये, तो गेल्यावर दोन वर्षांनी. बहिऱ्यांच्या बाबतीत तेच : १८८०च्या मिलान परिषदेत जमलेल्या शिक्षकांनी, आणि ते जवळजवळ सगळे ऐकू येणारेच होते, ठरवलं की शिक्षणात खुणांची भाषा नको, बोलणंच शिकवायचं. पुढे कित्येक पिढ्यांचे हात वर्गात बांधले गेले. दोन्हीकडे मुलांना कुणी विचारलं नाही. आज तुम्ही ब्रेल सक्तीचं केलंत, तर विचारणार आहात का?

अक्षरस्पर्श

सहा वर्षांच्या मुलाला पर्याय माहीतच नसतात, म्हणून सुरुवातीला विचारणार नाही. बोटं साथ देत असतील तर शिकवणार. आवाजही पहिल्या दिवसापासून सोबत देणार, हे मात्र मी पूर्वी करत नव्हते. आणि मूल १३-१४ वर्षांचं झालं की त्याला विचारणार, काय कशासाठी वापरायचं.

त्या मुलीने गेल्या महिन्यात मला ब्रेलमध्ये पत्र लिहिलं. शब्द सुटे आहेत. ऱ्हस्व-दीर्घाच्या नऊ चुका आहेत. मी त्या मोजल्या, कारण आता त्या तिला मीच दाखवायच्या आहेत.

उशिराचा_अंध

पत्रात काय लिहिलंय?

अक्षरस्पर्श

ते तिने कुणाला वाचून दाखवू नका म्हणून लिहिलंय. आजवर तिच्यासाठी सगळं कुणीतरी मोठ्याने वाचत होतं.