तिसरीच्या मुलाला टिटवी शिकवून काय मिळणार?

माळावरची शाळा

परवा इथे एका ताईंनी लिहिलं होतं. तिसरीतल्या मुलाला शाळेने 'माझ्या परिसरातील प्राणी' हा प्रकल्प दिला, अख्खा रविवार त्यात गेला, आणि शेवटी दुकानात चिकटवायला चित्रं मिळाली ती सिंहाची आणि जिराफाची. पुढे त्यांचा प्रश्न होता, "घोरपड, खोकड, टिटवी शिकून त्याला काय मिळणार? त्याला जग कळू दे." खाली 'अगदी मनातलं बोललात' म्हणणाऱ्यांची रांग. दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. बारामती आणि दौंडच्या मधला माळ. पटावर एकोणतीस मुलं, आम्ही दोघे शिक्षक. इथे आलो त्या वर्षी तिसरीच्या नऊ मुलांना म्हटलं, आपल्या भागातला एक प्राणी काढा. सहा जणांनी सिंह काढला, एकाने पेंग्विन. त्यातला एक मुलगा मेंढपाळाचा. त्याचा बाप रात्र-रात्र मेंढरांच्या वाड्याभोवती जागतो तो लांडग्यासाठी. मी विचारलं, "तू लांडगा का नाही काढलास?" म्हणाला, "सर, तो पुस्तकातला नाय."

त्या उत्तराने मला आजवर स्वस्थ बसू दिलेलं नाही. जे पोराने डोळ्यांनी पाहिलंय ते त्याला ज्ञान वाटत नाही. ज्ञान म्हणजे लांबचं काहीतरी.

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आमच्यापासून मोटारसायकलवर अर्ध्या तासावर. १९९७ साली चिंकाऱ्यासाठी राखलेलं, अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. आमच्या गावात चिंकारा, काळवीट, चितळ सगळ्याला 'हरिण' हा एकच शब्द. चितळाची शिंगं दरवर्षी गळतात, चिंकाऱ्याची जन्मभर तीच राहतात, हे सांगितलं तर मोठी माणसंही ऐकत उभी राहतात. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार काढलं गेलं ते उगीच नाही. आठ वर्षांच्या मुलाचं जग आधी त्याच्या पायाखालून सुरू होतं.

सध्या आमच्या मैदानाच्या कडेला टिटवीने चार अंडी घातलीत. घरटं कसलं, खड्यांमध्ये थोडी खोलगट जागा. अंडी मातकट, वर काळे डाग, चारही टोकं आत वळलेली. एकदा सापडली आणि नजर हलवली की पुन्हा शोधावी लागतात. मुलांनी चार बाजूंना चार विटा ठेवल्यात आणि वर्गाच्या भिंतीवर रोज खडूची एक रेघ ओढतात. आज बारावी रेघ. टिटवी ओरडली की घरातलं माणूस जातं, असं यांना घरी सांगितलेलं. आता ती का ओरडते हे त्यांनी स्वतः पाहिलं. कुत्रं विटांजवळ आलं की नर-मादी दोघं त्याच्या डोक्यावरून झेप घेतात, ओरडून रान उठवतात. पोरांच्या मनातली एक भीती गेली. हे मिळतं, ताई.

दोन मुलांची आई

ती पोस्ट माझीच. तुमच्या शाळेबद्दल आदर आहे, पण तुम्ही माझं अर्धंच म्हणणं घेतलंत. मी पिंपरीत चौदाव्या मजल्यावर राहते. आमचा परिसर म्हणजे कबुतरं, पाली आणि गेटवरची भटकी कुत्री. घोरपड मी स्वतः आयुष्यात पाहिलेली नाही, मुलाला कुठून दाखवू? शिक्षकांनीही पाहिलेली नाही. मग तो प्रकल्प कोण करतं? आई करते, रात्री अकरा वाजता, मोबाइलवर शोधून. याला परिसर अभ्यास म्हणायचं?

आणि सिंह आवडणं हा काही गुन्हा नाही. माझ्या मुलाला डायनोसॉरची वीस नावं येतात. त्या वेडापायीच तो वाचायला शिकला. ते तोडून त्याच्या हातात टिटवी द्या म्हणता, आणि तो वाचन सोडून बसला तर?

ऊसपट्टा जुन्नर

गुरुजी, तुमची टिटवी चांगली. आमच्याकडे या. आमच्या परिसरातला प्राणी म्हणजे वाघ. तुम्ही बिबट्या म्हणा, आम्ही वाघच म्हणतो. ऊसतोड सुरू झाली की फडात बछडे सापडतात. या तालुक्यात पोरं गमावलेली घरं आहेत. तिथे जाऊन 'वन्यजीव आपले मित्र' असा तक्ता लावून दाखवा. माझ्या भाचीच्या शाळेत लावलाय. ती विचारते, मामा, मित्र आहे तर तुम्ही संध्याकाळी बाहेर का सोडत नाही? मी काय सांगू?

माळावरची शाळा

@ऊसपट्टा, तो तक्ता चुकीचा आहे हे तुमच्याइतकंच ठामपणे मी म्हणेन. मित्रही नाही आणि शत्रूही नाही. तो उसात राहणारा शेजारी आहे, आणि शेजाऱ्याच्या सवयी माहीत असाव्या लागतात. बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला लहान जनावर वाटतं. म्हणून पोराला अंधारात एकट्याने बाहेर बसायला पाठवायचं नाही. उसाच्या कडेने जाताना मोठ्याने बोलत, घोळक्याने, बॅटरी घेऊन जायचं. उकिरडा वाढला की कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे तो. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्यांच्या खाण्यात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. हे तिसरीच्या मुलीला कळायला हवं. सिंहाच्या आयाळीपेक्षा हे तिच्या जिवाला उपयोगी आहे.

ऊसपट्टा जुन्नर

मला अभ्यास सांगू नका. चार वर्षांपूर्वी आमच्याच फडात तीन बछडे निघाले. मजूर काम टाकून बांधावर आले. वनखात्याच्या लोकांनी ते टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवून संध्याकाळी त्याच जागी नेले, आणि आम्हाला दूर जायला सांगितलं. मी घराच्या गच्चीवरून पाहत होतो. साडेआठच्या सुमारास ती आली. क्रेट पंजाने आडवं केलं, एकेकाला मानेला धरून नेलं. तीन फेऱ्या. शेवटच्या फेरीनंतर पुन्हा परत आली, रिकामं क्रेट हुंगलं, मग गेली. माझी बायको रडत होती. दुसऱ्या दिवशी त्याच बायकोने मुलाला अंगणात खेळू दिलं नाही. दोन्ही खरं आहे. शाळेत यातलं एकच सांगतात, याचा राग येतो.

देवगडचा कलमवाला

वाघाचं कौतुक झालं, आता माकडांचं कोणी बोलेल का? आमच्याकडे वानर-माकडांनी कोवळे आंबे, नारळ, परसातला भाजीपाला काही ठेवलेलं नाही. आईने चाळीस वर्षं केलेली परसबाग सोडली. नुकसानभरपाईसाठी मी एका कार्यालयात सात खेपा घातल्या, दरवेळी नवीन कागद. मुलांना आधी हे शिकवा की रानातलं जनावर गावात का आलं आणि त्याचा खर्च कोण सोसतं.

दोन मुलांची आई

हेच! सगळे गोडगोड शिकवतात. मूल मग पुस्तकावर विश्वास ठेवून घोणशीला हात लावेल. 'साप शेतकऱ्याचा मित्र' हे वाक्य आम्हीही पाठ केलं. विषारी कोणता ते कुणीच शिकवलं नाही.

माळावरची शाळा

ताई, इथे तुम्ही माझीच बाजू मांडताय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार ओळखणं आणि कुठल्याच सापाला हात न लावणं, चावला तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना गाठणं, हाच स्थानिक प्राण्यांचा धडा. ॲनाकोंडा शिकून तो जमणार नाही.

आणि चौदाव्या मजल्यावर काही नाही असं म्हणू नका. घार आहे. संध्याकाळी वटवाघळं आहेत. एप्रिलात कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालायला टपलेली असते, कावळे कोकिळाच्या मागे लागलेले दिसतील. शिंजीर तर गॅलरीतल्या वायरीवर घरटं टांगतो. प्रकल्प वहीत करायचाच नसतो. पंधरा दिवस एकाच खिडकीतून पाहायचं आणि दिसेल ते लिहायचं, बस. चित्रं विकत आणायला लावणाऱ्या शाळेवरचा तुमचा राग मला पूर्ण मान्य आहे.

एक अवांतर, पण मनाला लागलंय म्हणून लिहितो. काल पावसाळ्यात झाडं लावण्यासाठी खड्डे घ्यायचा निरोप आला. शाळेमागच्या माळावर फक्कीने खुणा करून गेले. एक खूण टिटवीच्या अंड्यांपासून तीन हातांवर आहे.

निवृत्त मुख्याध्यापक

झाडं लावण्यात 'मनाला लागण्यासारखं' काय आहे, हे या वयात मला कळलेलं नाही. मी तेहतीस वर्षं शिकवलं. बहात्तरच्या दुष्काळात पाचवीत होतो, खडी फोडायच्या कामावर आईबरोबर जायचो. सावलीला एक झाड नव्हतं. त्या उन्हाची शपथ घेऊन प्रत्येक शाळेत झाडं लावली, पोरांकडून डबक्यातलं पाणी घालून जगवली. आजची मास्तर मंडळी एका पक्ष्यासाठी वृक्षारोपण अडवणार?

गवताळ

सर, तुमच्या आवारातल्या झाडांना कोणी हात लावत नाहीये. प्रश्न माळाचा आहे. महसुली कागदावर माळाला 'पडीक' म्हणतात, आणि घोळ तिथून सुरू होतो. माळ पडीक नसतो. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं, मध्ये एखादी बोर, एखादा हिवर, हे त्याचं पूर्ण रूप आहे. चिंकारा आणि काळवीट नजरेवर आणि धावण्यावर जगतात, त्यांना उघडं रान लागतं. धाविक, चंडोल, माळटिटवी जमिनीवर अंडी घालतात. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, ते याच उघड्या माळासाठी.

२०१९ च्या पावसाळ्यात राज्यात तेहतीस कोटी झाडं लावायचं लक्ष्य होतं. झाडं लागली त्याचा आनंदच, पण माळावर गिरिपुष्प लावून काय साधलं? ते मध्य अमेरिकेचं झाड. त्याचं दुसरं नाव उंदीरमारी, यातच समजा. खाली गवत दबलं की मेंढरांचं कुरण गेलं. मग मेंढपाळ दुसरीकडे, लांडगाही दुसरीकडे.

निवृत्त मुख्याध्यापक

पुस्तकी बोलणं. गवताने पाऊस अडतो का?

गवताळ

माती अडते, सर. मुळांच्या जाळीने पाणी मुरतं. कुसळीचं एक ठोंब उपटून पाहा, हाताला फोड येतील.

निवृत्त मुख्याध्यापक

तुम्ही कधी शाळेत एक रोप तरी जगवलंय का? उन्हाळ्यात पाचशे रोपांना पाणी घातल्यावर माझ्याशी बोला. आम्ही केलं ते सगळं चूक, असं ऐकायला मी इथे आलेलो नाही.

ऊसपट्टा जुन्नर

सर, तुम्ही रागावू नका. पण आमच्या डोंगरावर गिरिपुष्प आहे, शेळ्या तोंड लावत नाहीत, हे खरं आहे.

देवगडचा कलमवाला

माकडांवर अजून कोणी बोललं नाही.

माळावरची शाळा

कलमवाले दादा, तुमचं बरोबर आहे, टाळलं नाही. यंदा चौथीच्या मुलांनी गावातल्या अकरा शेतकऱ्यांना 'रानडुकराने किती भुईमूग खाल्ला' हे विचारून वही केली. एका आजोबांनी सांगितलं, पूर्वी राखणीला घरातली सात माणसं असायची, आता मी एकटा. मुलांना त्यात डुक्कर कमी आणि गाव जास्त समजलं. परिसर अभ्यासात हेही येतं.

आणि मुख्याध्यापक सर, तुमच्यासारख्यांनी लावलेल्या चिंचेखाली मी शिकलो. ते चूक कोण म्हणेल? आवारात वड, चिंच, लिंब हवेच. मी फक्त माळ सोडा म्हणतोय.

निवृत्त मुख्याध्यापक

दोन दिवस विचार केला. माझ्या शेवटच्या शाळेमागे १९९४ साली आम्ही माळावर सुबाभूळ लावली होती. त्याआधी तिथे तितर बोलायचे, पहाटे शाळेच्या खोलीत झोपलो की आवाज यायचा. नंतर ऐकल्याचं आठवत नाही. हे झाडांमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण आठवलं ते लिहिलं. आवाराच्या कुंपणालगत खड्डे घ्या, रोपांची संख्या तीच भरेल, असं लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नाही. मसुदा हवा असल्यास पाठवतो.

दोन मुलांची आई

माझं मत बदललेलं नाही. सिंह राहणार, डायनोसॉर राहणार. पण एक लिहायचंय. गुरुजींनी शिंजिराचं लिहिलं म्हणून मुलाला त्याच्या घरट्याचं चित्र दाखवलं. कोळ्याची जाळी, वाळकी पानं, कागदाचे कपटे, खाली लोंबणारी शेपटी, बाजूला वर छोटं दार. मला घाम फुटला. गेल्या वर्षी गॅलरीतल्या कपड्यांच्या तारेवरून असंच 'जळमट' मी केरसुणीने काढून डब्यात टाकलं होतं. तेव्हा एक इवलासा पक्षी दोन दिवस ग्रिलवर येऊन ओरडत होता. मी मुलाला म्हटलं होतं, बघ कसा गातोय.

मुलाला अजून सांगितलेलं नाही. तो रोज खिडकीत बसतो, वहीत तारीख घालून लिहितो. काल लिहिलं, 'आज घार दोन वेळा, कबुतरं मोजली नाहीत.'

माळावरची शाळा

ताई, सांगा त्याला. मुलं अशा गोष्टी आपल्यापेक्षा नीट समजून घेतात.

सरांनी मसुदा पाठवला, मी सही करून दिला. मागच्या माळावरच्या खुणा अजून आहेत, पण काम कुंपणाकडून सुरू झालंय. सुट्टी लागलीय, तरी रेघा ओढायला मुलं पाळीपाळीने येतात. आज सत्ताविसावी. सकाळी मेंढपाळाच्या पोराने दुरून बोट दाखवलं. तीन अंडी होती, आणि चौथ्याच्या जागी टरफलाचा तुकडा. पिल्लू शोधायला आम्हाला दहा मिनिटं लागली. विटेच्या सावलीला दगडासारखं चिकटून बसलं होतं.