पंप २७९० आरपीएम दाखवतोय, तरी प्रोसेसर १०० अंशांवर

उद्यमनगर_पॅटर्न

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं पॅटर्नचं (ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात त्या नमुन्याचं) छोटं शॉप आहे. दिवसा ड्रॉइंग करतो, संध्याकाळी कास्टिंगचं सिम्युलेशन लावून घरी जातो. श्रिंकेज (धातू आकसून पडणारी पोकळी) कुठं येणार, रायझर (ती भरणारा जादा धातूचा साठा) कुठं हवा, ते सकाळी आल्यावर कळतं. मशीन आय७-१२७००के, त्यावर २४० एमएमचा लिक्विड कूलर (पंप पाणी फिरवतो, ते पंख्यांजवळच्या रेडिएटरमध्ये गार होतं), एप्रिल २०२२ ची खरेदी. आजवर तक्रार नाही.

सोमवारी सकाळी येऊन बघतो तर सहा तासांत संपणारं काम रात्रभरात निम्म्यावरही आलेलं नाही. प्रोसेसर १०० अंशांवर, क्लॉक एक गिगाहर्ट्झच्याही खाली. मशीन बंद केलं, तासाभरानं चालू करून नुसता बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) बसलो. ४५ पासून चढायला लागलं आणि चार मिनिटांत ८८. काही चालू नसताना!

ब्लोअर मारून धूळ काढली. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट पुसून नवी लावली, स्क्रू आडवे-तिडवे थोडे थोडे आवळत बसवले. काडीचा फरक नाही. पंखे जोरात फिरतात आणि पंपाचा वेग २७९० आरपीएम (मिनिटाला फेरे) दाखवतो, म्हणजे पंप चालूच आहे. मग मदरबोर्ड गेला का सेन्सर खोटं सांगतोय? गुरुवारी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीवर भट्टी लागणार आहे. त्याआधी हे सिम्युलेशन झालं नाही तर पॅटर्न अंदाजानं द्यावा लागेल, आणि तसा मी कधी दिलेला नाही. कुणीतरी वाट दाखवा.


राजारामपुरी_एडिट

पंपाची वायर मदरबोर्डवर कुठं लावलीय? सीपीयू फॅनच्या पिनांवर असेल आणि बायोसमध्ये तापमानाप्रमाणे वेग ठेवला असेल, तर पंपाला पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत. ती जागा फुल स्पीडवर टाका. एसएमपीएसकडून (वीजपुरवठ्याच्या डब्याकडून) येणारी साटा पॉवरची पिनही काढून घट्ट बसवा. २७९० येतंय म्हटल्यावर तिथं दोष असेल असं वाटत नाही, पण दोन मिनिटांचं काम आहे.


शिरोळचा_ऊसवाला

साहेब, मदरबोर्डला अजून दोष देऊ नका. पेस्ट वाईट असती तर लोड टाकल्याटाकल्या आकडा उडी मारून वर गेला असता आणि लोड काढताच तसाच खाली आला असता. तुमचं हळूहळू चढतंय. कूलरच्या प्रोसेसरवर बसणाऱ्या ब्लॉकमधलं घोटभर पाणी जागच्या जागी तापत चाललंय, असा त्याचा अर्थ मी लावतो.

आता हात लावून बघा. मशीन पाच मिनिटं चालू द्या. प्रोसेसरवरच्या ब्लॉकजवळ नळी धरा, मग रेडिएटरजवळ धरा, मग रेडिएटरमधून येणाऱ्या वाऱ्यात तळहात धरा. पाणी फिरत असेल तर दोन नळ्यांत दोन-चार अंशांचा फरक असतो, हाताला तो कळतही नाही. ब्लॉकजवळ चटका आणि रेडिएटर गार, असं असलं तर पाणी जागेवरच आहे. धुळीनं रेडिएटर चोंदला असता तर तोही गरम लागला असता.

राहिला तो २७९० चा आकडा. आमची नदीवर मोटर आहे. फूट व्हॉल्व्हमधनं (पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाच्या झडपेतनं) हवा धरली की मोटर फिरते, आवाज येतो, पाइपातनं पाणी मात्र येत नाही. स्टार्टरवरच्या अँपिअर मीटरचा काटा खाली पडतो, कारण उचलायला पाणीच नसतं. मोटर फिरतेय का, हे आमच्याकडं कुणी विचारत नाही. पाणी मारतेय का, असं विचारतात. तुमचा पंप त्याच जातीचा, फक्त मुठीत मावणारा. स्क्रीनवरचा आकडा पंपातल्या पंख्याच्या फिरण्याचा आहे, पाण्याचा नाही. आणि कोरडा पंप उलट थोडा जास्तच फिरतो. पूर्वी किती आरपीएम दिसायचा, आठवतंय?

रेडिएटर कॅबिनेटमध्ये कुठं बसवलाय तेही सांगा.


उद्यमनगर_पॅटर्न

हात लावून बघितलं. ब्लॉकजवळ बोट टिकेना, रेडिएटर गार, वारा खोलीतल्यासारखा. तुमचं म्हणणं बरोबर निघालं.

जुना स्क्रीनशॉट सापडला, पूर्ण लोडवरचा. त्यात २५५०. म्हणजे आता २४० नं जास्त फिरतोय!

रेडिएटर तळाशी आहे. वर लावला की उंच रॅमला अडत होता, म्हणून मीच खाली बसवला.


शिरोळचा_ऊसवाला

मग हवा पंपातच जाऊन बसणार. सीलबंद कूलरमध्ये कंपनीतूनच थोडी हवा राहते, आणि नळीच्या रबरातून वर्षानुवर्षं पाणी सूक्ष्म प्रमाणात उडतं, तेवढी हवा वाढते. हवा चढते सगळ्यात उंच जागी. रेडिएटर वर असला की ती त्याच्या टाकीत पडून राहते आणि कुणाचं बिघडत नाही. तुमच्यात सगळ्यात उंच जागा पंपाची आहे.

असं करा. मशीन बंद, वायरी काढा, जड ग्राफिक्स कार्ड असेल तर तेही काढा. फिरती हार्डडिस्क असेल तर चालू मशीन अजिबात हलवायचं नाही. कॅबिनेट उलटं करून रेडिएटर वर येऊ द्या. दहा मिनिटं तसंच ठेवा, मधूनमधून इकडंतिकडं कलवा, रेडिएटरवर बोटानं टिचक्या मारा. मग उलटंच चालू करा.


उद्यमनगर_पॅटर्न

मंगळवार, रात्री साडेनऊ.

कलवताना गुळगुळ असा स्पष्ट आवाज आला. उलटं चालू केलं आणि बायोसमध्ये ३४! दहा मिनिटं थांबलो, ३४ च. दोन्ही नळ्या सारख्या कोमट. पंपाचा वेग २५६० वर आला. पाणी लागल्यावर वेग उतरला, हे बघून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

मग सरळ करून लोड टाकला. वीस मिनिटं छान, नंतर पुन्हा गुळगुळ, २७८०, आणि ९६. परत उलटं केलं. आता सिम्युलेशन लावतोय, कॅबिनेट टेबलावर डोक्यावर उभं आहे. ग्राफिक्स कार्ड काढूनच ठेवलंय, प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर काम भागतं.


राजारामपुरी_एडिट

आजची रात्र बायोसमध्ये पॉवर लिमिट ६५ वॅटवर ठेवा. वेळ जास्त लागेल पण मध्येच घात होणार नाही.

दुसरी गोष्ट मनावर घ्या. उडालेलं पाणी परत येणार नाही. पंपाच्या बेअरिंगला वंगण त्याच पाण्याचं असतं, आणि तुमचा किती तास कोरडा फिरला ते कळायला मार्ग नाही. कान लावून ऐका, खरखर येत असेल तर दिवस भरलेत. वॉरंटी बघा आणि स्वतः खोलू नका.

माझा कूलर गेला तेव्हा लक्षणं वेगळी होती. आरपीएम नेहमीचाच, उलटंसुलटं करून काही फरक नाही. वॉरंटी संपलेली, म्हणून खोलला. ब्लॉकच्या तळाच्या तांब्याच्या पट्टीवरच्या बारीक फटींत पांढरट-हिरवा लगदा घट्ट बसला होता. रेडिएटर अॅल्युमिनियमचा, पट्टी तांब्याची. पाण्यातलं गंजरोधक संपलं की तांब्याच्या संगतीत अॅल्युमिनियम खाल्लं जातं. तिथं हवा काढून काही झालं नसतं. तुमच्यात पाणी फिरतंय, एवढं चांगलं आहे.


उद्यमनगर_पॅटर्न

बुधवार सकाळ. झालं! ६५ वॅटवर पावणेआठ तास लागले, तापमान ५० च्या वर गेलं नाही. एका फ्लँजच्या मुळाशी श्रिंकेज दाखवलं, तिथला रायझर मोठा करून पॅटर्नवर काम सुरू केलंय. उद्याची भट्टी चुकत नाही.

कान लावला, बारीक खरखर आहे. बिलावर पाच वर्षांची वॉरंटी आहे, तेव्हा कूलर पाठवतोय. तोवर शाहूपुरीतून दोन टॉवरचा एअर कूलर आणलाय, माझ्या प्रोसेसरच्या सॉकेटला (एलजीए १७००) बसणारी पट्टी सोबत आहे का ते दुकानातच डबा उघडून बघितलं. बदली कूलर आला की रेडिएटर वरच बसवणार. कमी उंचीच्या रॅमची चौकशी आजच केली.

ऊसवाले दादा, तुमच्या नदीवरच्या मोटरीनं माझी ऑर्डर वाचली. उद्यमनगरात आलात तर शॉपवर चहाला या.


शिरोळचा_ऊसवाला

येतो की. नवीन कूलर लागल्यावर पहिल्या दिवशीचा आरपीएम कॅबिनेटच्या आत कागदावर लिहून चिकटवा. आमच्या स्टार्टरच्या पेटीत अँपिअर खडूनं लिहिलेले आहेत.