मदत हवी आहे: गटात चित्र दिलं की एकच पोरगी राबते, बाकीच्यांच्या टवाळक्या

कोरीपाटी: नववीला चित्रकला शिकवते. सहकारी अध्ययन (मुलांनी गटात एकमेकांकडून शिकायचं) घ्या असं वरून आलंय म्हणून गट पाडले, तर जिला जमतं ती एकटी रंगवते आणि बाकीचे ब्रश धुतात नाहीतर गप्पा छाटतात. काय करू? सोमवारी परत तास आहे, लवकर सांगा.

तळ्यात_मळ्यात: गटात किती जण? काम काय दिलंय? मार्क कसे देणार?

रंगारी: जिगसॉ पद्धत करा, डोळे झाकून. मानसशास्त्रज्ञ एरॉन्सनने 1971 मध्ये अमेरिकेत टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केली. गटातला एक जण छायाप्रकाश शिकतो, एक पर्स्पेक्टिव्ह (दूर-जवळ कसं दाखवायचं ते), एक रंगमिश्रण. दुसऱ्या गटांतल्या आपल्याच विषयवाल्यांबरोबर बसून शिकायचं आणि परत येऊन आपल्या गटाला शिकवायचं. एकाचं दुसऱ्यावाचून अडलं की कोण टवाळक्या करेल?

एकांडा: चित्र एकट्यानेच काढायचं असतं. समिती बसवून कधी चित्र झालंय का!

रंगारी: जुना मोठा चित्रकार रुबेन्स, त्याच्या स्टुडिओत मदतनीस रंगवायचेच की.

एकांडा: ते उस्ताद सांगेल तेवढं करायचे, त्याला सहकार म्हणत नाहीत साहेब.

सहज_आलो: युनिफॉर्मवर पोस्टर कलर सांडला तर वाळायच्या आत गार पाण्याने धुवा, गरम नको.

कोरीपाटी: अहो डागांचं कुणी विचारलंय?? सहा-सहा जण आहेत, भिंतीवर लावायचं मोठं चित्र आहे, चौकटी आखून दिल्यात. मार्क गटाला एकच.

तळ्यात_मळ्यात: हे आधी सांगायचं ना! एकच मार्क म्हटल्यावर बाकीचे कशाला हात लावतील? सहकारी अध्ययनावर संशोधन केलेल्या स्लाव्हिनचंही म्हणणं हेच, गटाचं यश हवं पण ते प्रत्येकाच्या शिकण्यावर ठरायला हवं. प्रत्येकाचं कच्चं रेखाटन वेगळं तपासा, गटाचे मार्क वेगळे. सहा फार होतात, चार करा. आणि चौकटींच्या कडा शेजारच्या दोघांनी मिळूनच रंगवायच्या, नाहीतर जोडताना एकाची फांदी दुसऱ्याच्या आभाळात जाते. मोठ्या भागाचा रंग एकदाच डब्यात कालवून ठेवा, पोस्टर कलर वाळला की छटा बदलते, नंतर तोच रंग परत जुळत नाही.

एकांडा: म्हणजे चांगलं काढणाऱ्या मुलीने बाकीच्यांना शिकवत बसायचं? ते बाईंचं काम.

रंगारी: शिकवताना तिचंही पक्कं होतं.

एकांडा: तिला विचारलंय का कुणी?

कोरीपाटी: तुमचं भांडण चालू द्या, मी चारचे गट करते. पण गट मी पाडू का त्यांना पाडू देऊ? त्यांच्यावर सोडलं की दोघं-तिघं कुणालाच नको असतात.

तळ्यात_मळ्यात: तुम्हीच पाडा.

सहज_आलो: चिठ्ठ्या टाका.